कुलपातला प्लग

आमच्या घरात सगळेच ओरडून बोलायचो, कारण अण्णांना कमी ऐकू यायचं. चाकणच्या ज्या कंपनीत ते मेंटेनन्सला इलेक्ट्रिशियन होते, तिथे गाडीच्या पत्र्याला आकार देणारे मोठे प्रेस दिवसभर आदळायचे, आणि त्या आदळण्याने त्यांचे कान हळूहळू खाऊन टाकले होते. त्यांना वाटायचं आपण हळूच बोलतोय आणि संत तुकाराम नगरातल्या आमच्या जिन्यात तीन मजले ऐकू जायचं, की आज यांच्याकडे येसरची आमटी आहे आणि वैजूला, म्हणजे मला, बारावीला किती मार्क पडले. आई म्हणायची, "हळू बोला की, लोकं ऐकायलेत." अण्णा म्हणायचे, "काय?" आई तेच पुन्हा मोठ्याने म्हणायची, आणि मग लोकं खरंच ऐकायची. पहिली शिफ्ट करून ते साडेचारला यायचे, कंपनीच्या बसमधून उतरून, हातात रिकामा डबा. पाय धुवायचे, भाकरी-आमटीचं ताट पुढ्यात घ्यायचे आणि टीव्हीसमोर बसायचे. बातम्या सांगणाऱ्या बाईचे ओठ हलताना बघत जेवायचे. आवाज पुरा वाढवला तरी त्यांना नुसती किणकिण ऐकू यायची, शब्द नाही. तरी बघायचे. मला त्याचा राग यायचा. ऐकू येत नाही तर बघता कशाला, असं मी एकदा विचारलंही. त्यांनी ते ऐकलं नाही. किंवा ऐकलं. त्यांच्या बाबतीत हे मला आयुष्यभर नीट ठरवता आलेलं नाही, आणि हे प्रकरण लिहायला घेतलं त्याचं कारणही तेच आहे.

अण्णांचा कंपनीतला एक नियम घरातसुद्धा चालायचा. मशीन दुरुस्तीला घेतलं की त्याचं मेन स्विच बंद करायचं, स्विचला आपलं स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची आणि मगच हात घालायचा. ज्यानं कुलूप लावलं त्यानंच काढायचं. साहेब आला तरी किल्ली द्यायची नाही. त्यांच्या एका जोडीदाराची बोटं कुणीतरी दुसऱ्याने स्विच चालू केल्यामुळे गेली होती, तेव्हापासून हा नियम त्यांच्या अंगात भिनला होता. घरात मिक्सर उघडायचा असला तरी तसंच. त्यासाठी त्यांनी शेवेचा एक पत्र्याचा डबा घेऊन त्याला कानशीने खाच पाडली होती, झाकणाला कडी लावली होती. वायर खाचेत बसवायची, प्लग डब्यात टाकायचा, झाकण बंद करून कुलूप ठोकायचं, किल्ली शर्टाच्या खिशात. आई हसायची. "मिक्सरला कोण चोर न्यायलाय हो?" अण्णा म्हणायचे, "किल्ली खिशात असली की मरण दाराबाहेर." हे वाक्य इतकं ऐकलं होतं की मला ते पटलेलं होतं. पुढे पटेनासं झालं, तिथून सगळं बिनसलं.

होम थिएटर घ्यायची कल्पना माझ्या डोक्यातून निघाली. चिंचवडला एका दुकानात मी मैत्रिणीबरोबर गेले होते, तिथे दुकानदाराने सगळ्यांसमोर एक सेट लावून दाखवला: पाच लहान स्पीकर, एक खालचा जाडा वूफर आणि डीव्हीडी-अॅम्प्लिफायर एकाच डब्यात. वूफर वाजला तशी माझ्या चपलेखालची फरशी थरथरली. मला एकदम अण्णा आठवले. कानाने नाही तर पायाने तरी ऐकतील. दुसऱ्या रविवारी त्यांना घेऊन गेले. दुकानदाराने सेट लावला, अण्णांनी वूफरवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. अण्णा भर दुकानात उभे होते आणि हसत होते. दुकानदाराने ते हसू बघितलं आणि मी दुकानदाराला बघितलं. गिऱ्हाईक फसलं की विकणाऱ्याचा चेहरा कसा सैल पडतो ते मी त्या दिवशी शिकले. "अण्णा, चला, आपल्याला नको," मी म्हटलं आणि त्यांना दंडाला धरून बाहेर काढलं. तीन वेळा आम्ही पायऱ्या उतरलो, तीन वेळा त्याने परत बोलावलं. शेवटी सेट, स्पीकरचे दोन स्टँड, जास्तीची वायर आणि घरी येऊन बसवून द्यायचं, एवढं सगळं मी त्याच्याकडून काढलं. तो म्हणाला, "ताई, तुमच्या सासरच्यांचं काही खरं नाही." मी म्हटलं, "सासरचं मी बघते, तुम्ही रिमोटचे सेल टाका." आज माझ्या स्वतःच्या दुकानात कुणी अशी घासाघीस करायला लागलं की मला आधी चीड येते, मग माया येते, आणि दोन्हींत भाव मात्र मी सोडत नाही.

सेट बसवायला आले ते सोनवणे काका. आमच्याच भागात एका गाळ्यात त्यांचं रिपेअरिंगचं दुकान होतं. बुटके, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं कमी. मी त्यांना इतके प्रश्न विचारले की ते म्हणाले, "तू दुकानावरच येत जा, इथं माझा वेळ खाऊ नको." ते बहुतेक चेष्टेत म्हणाले होते. मी दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर हजर. त्या वर्षात मी त्यांच्याकडे वायर सोलायला, सोल्डरिंगचा डाग द्यायला, मीटर लावायला शिकले. पायात रबरी चप्पल, हातात बांगडी-अंगठी नाही, आत हात घालताना दुसरा हात पाठीमागे, आणि सगळ्यांत आधी बल्ब. त्यांच्याकडे साध्या होल्डरमध्ये बसवलेला शंभर वॅटचा एक बल्ब होता, त्याला दोन लांब वायरी, टोकाला रबराच्या मुठी. डबा उघडला की ती दोन टोकं आतल्या मोठ्या कपॅसिटरच्या, म्हणजे वीज साठवून ठेवणाऱ्या नळकांड्याच्या, पायांना लावायची. बल्ब झपकन पेटायचा आणि विझायचा.

"प्लग तर काढलाय ना काका?" मी पहिल्यांदा विचारलं होतं.

"काढलाय. म्हणजे पाणी यायचं बंद झालं. टाकी भरलेली आहे त्याचं काय?"

"मग ती आपोआप रिकामी नाही होत?"

"चालू सेट असला तर होते, तो पिऊन टाकतो. बंद पडलेला सेट पीत नाही. बंद पडलेलाच जास्त धरून ठेवतो. हे ध्यानात ठेव, जिवंताला कमी भ्यायचं."

मी ध्यानात ठेवलं. दिवाळीनंतर एका संस्थेत इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचा वर्षाचा कोर्स सुरू होणार होता, काकांनी फॉर्म आणून दिला. त्यावर पालकाची सही लागत होती. आईला वाटत होतं मी डी.एड. करावं. अण्णा म्हणाले, "दसरा होऊ दे, मग करतो सही." त्यांनी मान हलवली होती, म्हणजे सही झाल्यातच जमा होती. मला दुसरं काहीच नको होतं. तो फॉर्म मी गादीखाली सपाट करून ठेवला होता आणि रोज एकदा काढून बघायची.

खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा असायची. त्या दिवशी प्रेस बंद, सगळं पुसून लखलखीत, झेंडूच्या माळा, हळदीकुंकू, आणि अण्णा मेंटेनन्सचे जुने म्हणून नारळ फोडायचा मान त्यांचा. नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी हाताने मशीनवर शिंपडायचं. तिकडची मशीनं लोखंडाची, बंद पेटाऱ्यासारखी. त्यांना नारळाच्या पाण्याने काय होतंय? घरी आले ते पेढ्याचा पुडा आणि उरलेली माळ घेऊन. पक्कड, टेस्टर, स्क्रूड्रायव्हर पाटावर मांडले. मग म्हणाले, "ह्याची पण करू की." ह्याची म्हणजे होम थिएटरची. वूफरला माळ घातली, अॅम्प्लिफायरला हळदीकुंकू लावलं, उंबऱ्यावर नारळ फोडला आणि करवंटीतलं पाणी बोटांनी शिंपडलं, कंपनीत शिंपडायचे तस्सं, सढळ हाताने. अॅम्प्लिफायरच्या टपावर गरम हवा जायला जाळी असते. मी तिथेच उभी होते. मी बघितलं. मी काही बोलले नाही, कारण अण्णांच्या चेहऱ्यावर दुकानातलं ते हसू होतं. ही माझी चूक मी मान्य करते. यापुढची माझी नाही.

दसऱ्याला सकाळी पुरणाचा वास घरभर होता. अण्णांनी सेट लावला. घर्रर्र असा एक आवाज आला आणि सगळं गप्प. लाल दिवासुद्धा नाही. त्यांनी प्लग काढला, पुन्हा लावला. गप्प. सणाच्या दिवशी यंत्र बंद पडणं त्यांना अपशकुनासारखं लागलं. "उघडून बघू," ते म्हणाले. मी म्हटलं, सोनवणे काकांना बोलावते. "काका कशाला? मी काय मेलोय का?" मग शेवेचा डबा आला. प्लग डब्यात, कुलूप, किल्ली खिशात. चार स्क्रू काढून झाल्यावर त्यांना वाटलं एकदा भिंतीतल्या सॉकेटची खात्री करावी. कुलूप काढून प्लग पुन्हा लावला. काही नाही. पुन्हा डब्यात, पुन्हा कुलूप. मग वायर हलवून बघायची म्हणून पुन्हा बाहेर. मध्येच कुलूप कुठे ठेवलं ते सापडेना, ते शोधायला त्यांनी मला स्वयंपाकघरात पाठवलं. ते तांदळाच्या डब्यावर होतं. मी आणून दिलं. प्लग त्या वेळी कुणाच्या हातात होता, माझ्या की त्यांच्या? हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नव्हता. नंतर मला तो हजार वेळा पडला.

झाकण निघालं. आत पॉवर सप्लायच्या पाटीवर, म्हणजे सर्किट बोर्डावर, बोटाएवढा कपॅसिटर उभा. मी त्यांच्या समोर, दोन हातांच्या अंतरावर बसले होते. मी म्हटलं, "अण्णा, आधी बल्ब लावा."

बल्ब म्हणजे काय हे त्यांना माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांच्या दुनियेत बल्ब उजेडासाठी होता. ते बघतच राहिले आत. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "काय म्हणायलीस गं?" म्हणजे तिच्यापर्यंत गेलं होतं. अण्णा म्हणाले, "तीस वर्षं झाली माझ्या हाताला." हे मला उत्तर होतं की ते स्वतःशीच बोलत होते, देव जाणे. त्यांनी पाटी उपसायला उजवा हात आत घातला.

आवाज फार नव्हता. टचकन काहीतरी झालं, अण्णा मागे फेकल्यासारखे उडाले आणि लोखंडी कॉटच्या कडेवर त्यांचं मनगट आदळलं. त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. आई पुरणाचा हात तसाच घेऊन धावत आली. शेजारच्यांनी रिक्षा बोलावली, आईला घरी ठेवून मी अण्णांबरोबर बसले. रिक्षाच्या आरशाला आपट्याची डहाळी लावलेली होती, ती सारखी हलत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?" आणि अण्णा बोलले. ते हळूच बोलले असतील, त्यांच्या हिशोबाने. सगळ्या दवाखान्याला ऐकू गेलं.

"मी प्लग काढलेला, साहेब. पोरीनं लावला."

मी तिथे उभी होते. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, नर्सने बघितलं, पाय मोडलेला एक माणूस होता त्यानेही बघितलं. तोंड उघडून मी फक्त एवढंच म्हटलं, "किल्ली तुमच्या खिशात आहे." अण्णांनी ऐकलं नाही. शर्ट काढून प्लास्टर घालायला नेलं त्यांना. घरी आलो तेव्हा आईने तो सगळा सेट, अण्णांच्या नजरेला पडू नये म्हणून, जसा होता तसा चादरीत बांधून माळ्यावर टाकला होता. मी माळ्यावर चढून प्लग डब्यातच आहे ना ते बघू शकले असते. चढले नाही. डोकं इतकं तापलं होतं की मला वाटलं, ज्याला माझ्यावर विश्वास नाही त्याला मी पुरावा दाखवायला जाऊ? मी कोण, आरोपी? आज मी कुणालाही सांगेन, पुरावा हातात असताना राग धरू नये, आधी पुरावा धरावा. अठरा वर्षांच्या मुलीला हे कोण सांगणार?

फॉर्मवर सही झाली नाही. हात प्लास्टरमध्ये होता हे एक कारण झालं. प्लास्टर निघायच्या आधी मुदत गेली हे दुसरं. पण खरं कारण त्यांनी सोनवणे काकांना आमच्या दारात उभं करून सांगितलं. "जिला लावलेला प्लग कळत नाही तिला करंटच्या कामात घालू नका." काका चष्मा पुसत म्हणाले, "पोरगी हुशार आहे, मेंटेनन्सवाले." अण्णा म्हणाले, "काय?" काका जिना उतरून गेले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते मी सगळ्यांना सांगत फिरते. बी.कॉम. अर्ध्यावर सोडून त्याच चिंचवडच्या दुकानात काउंटरला लागले. ज्याला मी तीन वेळा पायऱ्या उतरून दाखवलं होतं तोच म्हणाला, "ताई, तुम्ही माझ्या बाजूने बोला." दहा वर्षं त्याच्या बाजूने बोलले, मागच्या खोलीत त्याच्या मेकॅनिकशी भांडून भांडून काम शिकले, आणि मग तळवड्याला माझा स्वतःचा गाळा. आयटीतली मंडळी मोठे सेट घेऊन येतात. आता साउंडबार जास्त. माझ्याकडे तीन माणसं कामाला आहेत आणि प्रत्येकाच्या टेबलावर होल्डरमधला एक बल्ब आहे. तो न वापरता कुणी आत हात घातला तर मी असं बोलते की बाहेरचं गिऱ्हाईक आत येत नाही. हे सगळं मी कुणाच्या सहीशिवाय केलं. अण्णांच्या तोंडावर हे वाक्य मी कितीदा म्हटलं असेल! आणि तरी एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती: मला स्वतःलाच खात्री राहिली नव्हती. लग्नकार्यात, बारशाला, जेवताना अण्णा वाकडं बसलेलं मनगट दाखवून सांगायचे, "पोरीनं प्लग लावला." वीस वर्षं एकच गोष्ट ऐकली की तिला चित्र फुटतं. मला माझा हात प्लग धरलेला दिसायला लागला. तांदळाच्या डब्यावरून कुलूप आणलं, ते दिलं, पण ते लागलं का? शेवटच्या वेळी प्लग डब्यात गेला का? कपॅसिटरनेच झटका दिला असणार हे माझं शिक्षण सांगायचं. पण भिंतीत प्लग असता तरी तसाच बसला असता. एका गोष्टीने मात्र मी स्वतःची समजूत घालायची. अण्णांना ऐकू आलं नव्हतं. मी बल्ब म्हटलं ते त्यांच्या कानावरच पडलं नाही. बहिऱ्या माणसावर किती रागावणार?

या वर्षी आमची इमारत पाडून नवी बांधायचं ठरलं. घर रिकामं करायला मी गेले. आई स्वयंपाकघरात भांडी बांधत होती, अण्णा कॉटवर बसले होते. आता त्यांच्या कानात मशीन आहे, त्यामुळे बोलणं खाली आलंय, अगदी परक्या माणसासारखं. माळ्यावरून मी एक गाठोडं खाली घेतलं. निळी चादर. गाठ आईची, सुटता सुटेना. आत अॅम्प्लिफायर, झाकण नुसतं वर ठेवलेलं, आणि त्याची वायर शेवेच्या डब्याच्या खाचेत गेलेली. डब्याला कुलूप. मी डबा हलवला. आत प्लग खडखडला.

इतकी वर्षं मी जे भांडण तयार ठेवलं होतं, शब्दन् शब्द, ते त्या वेळी कुठे गेलं मला समजत नाही. मी डबा त्यांच्यासमोर कॉटवर ठेवला आणि एवढंच म्हटलं, "अण्णा, किल्ली."

ते डब्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कमरेचा जुडगा काढला. त्यात केव्हाच बंद पडलेल्या कंपनीतल्या कपाटाची किल्ली होती, सायकलची होती, आणि ती होती. मी हात पुढे केला. त्यांनी दिली नाही. वाकड्या मनगटाने, गंजलेल्या कुलपाशी झटत, त्यांनी ते स्वतःच उघडलं. ज्यानं लावलं त्यानंच काढायचं.

मी झाकण बाजूला केलं. पाटीवर जाळीखाली बरोबर पांढरट-हिरवा थर चढला होता, आणि कडेला कुंकवाचा एक ठिपका, अजून लाल. अण्णांनी तो बघितला. मी त्यांना तो बघताना बघितलं. नारळाचं पाणी, असं म्हणायला माझी जीभ वळली, पण मी बोट पुढे केलं, तो थर खरवडून बघावा म्हणून.

"वैजू," ते म्हणाले, "आधी बल्ब लाव."

हळूच म्हणाले. त्या दिवशी मी वापरलेले तेच शब्द. स्वयंपाकघरात आईच्या हातातलं भांडं थांबलं. मी त्यांच्याकडे बघितलं, ते माझ्याकडे नव्हते बघत. म्हणजे ऐकलं होतं. त्या दिवशीच ऐकलं होतं, आणि वीस वर्षं सांभाळून ठेवलं होतं, त्या किल्लीसारखंच. याचा आनंद मानावा की त्यांच्यावर दुप्पट रागवावं, मला अजून उमगलेलं नाही. लिहिताना उमगेल असं वाटलं होतं.

माझ्या पिशवीत बल्ब असतोच. एवढ्या वर्षांनी त्या कपॅसिटरमध्ये काही उरलेलं नसणार हे मला माहीत होतं. तरी मी दुसरा हात पाठीमागे घेतला आणि दोन टोकं त्याच्या दोन पायांना लावली. अण्णा पुढे वाकून बघत होते. बल्ब पेटला नाही. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, मग मान हलवली, आणि मी आत हात घातला.